पार्श्वभूमी: काढलेला वायरशार्क यादीत का उरतो

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात परवा एका पोराने विचारलं, "दादा, वायरशार्क काढला की, मग यादीत अजून कसा दिसायलाय?" वायरशार्क म्हणजे नेटवर्कवरून जाणारी माहिती पकडून दाखवणारा प्रोग्राम. त्याने ॲप्टला, म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाला, आधी 'रिमूव्ह' (हे काढ) आणि मागून 'ऑटोरिमूव्ह' (त्याच्यासोबत आलेलं, आता नको असलेलंही काढ) सांगितलं होतं. तरी ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष बसवाबसवी करणाऱ्या डीपीकेजीच्या यादीत वायरशार्क-कॉमन या नावापुढे 'आर-सी' ही दोन अक्षरं होतीच. आर म्हणजे काढायला सांगितलंय, सी म्हणजे सेटिंगच्या फाइलींचा हिशेब अजून मिटलेला नाही.

वायरशार्कच्या घराण्याची सुरुवात १९८८ ची. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन आणि सहकाऱ्यांनी टीसीपीडंप लिहिला. त्यातला तारेवरून जाणारी पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पकडायचा भाग पुढे लिबपीकॅप नावाने वेगळा निघाला, म्हणजे नव्या साधनाला ते काम पहिल्यापासून लिहायला नको. १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्स कॅन्सस सिटीतल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत होते. बाजारातली अशी साधनं सुमारे १५०० डॉलरची, आणि कंपनीच्या सोलारिस-लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ती चालत नव्हती. त्यांनी स्वतःच एथिरियल लिहिलं. २००६ मध्ये त्यांनी नोकरी बदलली, नावाचा ट्रेडमार्क जुन्या मालकाकडे राहिला, म्हणून वायरशार्क. नाव गेलं, कोड आला.

काढण्याचा इतिहास मात्र वेगळाच आहे, आणि मला तोच जास्त रंजक वाटतो. पूर्वी प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवायचा, 'मेक इन्स्टॉल' म्हणायचं, की फाइली चार फोल्डरांत विखुरल्या. 'मेक अनइन्स्टॉल' चालायचं ते लेखकाने लिहिलेलं असेल आणि आपण सोर्सचा फोल्डर जपला असेल तरच. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी डेबियन हा लिनक्सचा एक तयार संच सुरू केला. त्यातल्या डीपीकेजीने कुठली फाइल कुठल्या पॅकेजची (एकत्र बसवायच्या फाइलींच्या गठ्ठ्याची) याची वही ठेवायला घेतली. ॲप्ट १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर आलं.

या वहीतच 'रिमूव्ह' आणि 'पर्ज' हा भेद आहे. प्रोग्राम पुन्हा उतरवता येतो, रात्र जागून लिहिलेली सेटिंग येत नाही. म्हणून 'रिमूव्ह' सेटिंगला हात लावत नाही, ते काम 'पर्ज'चं. शिवाय वायरशार्क हे एकच पॅकेज नाही. पाकिटं पकडणारा डंपकॅप वायरशार्क-कॉमनमध्ये असतो, म्हणून 'पर्ज'लाही तेच नाव द्यावं लागतं. लिबपीकॅप जाईलच असं नाही. टीसीपीडंप त्याच्यावर उभा असेल तर ॲप्ट त्याला हलवत नाही, आणि बरोबरच आहे.

डंपकॅप वेगळा का? पाकिटांचा अर्थ लावणारा कोड प्रचंड, आणि तो बाहेरून आलेला माल वाचतो. तो रूटच्या, म्हणजे संगणकावरच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालवणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली. म्हणून अधिकार फक्त छोट्या डंपकॅपला. बसवताना डेबियन विचारतं, साध्या वापरकर्त्यांना पकडू द्यायचं का, आणि गप्प एंटर मारला तर उत्तर 'नाही' जातं. "पाकिटं दिसंनात" ही तक्रार बरेचदा इथूनच येते.

'पर्ज' झाल्यावर पोराच्या यादीतली ती 'आर-सी'ची ओळ गेली. होम फोल्डरमधली वायरशार्कची सेटिंग मात्र तिथेच होती, कारण पॅकेज काढणारा कुणाच्या घरात शिरत नाही. पोराने फोल्डर उघडून बघितला. रंगांचे नियम त्याने स्वतः बसवले होते. "हे राहू द्या," म्हणाला.