आधी तयारी की आधी नोकरी? बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या रोजगाराची पार्श्वभूमी

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ माणसाला सरळ खऱ्या कामाच्या जागी लावायचं, इतरांइतका पगार द्यायचा आणि काम तिथेच, त्याच्या शेजारी उभं राहून शिकवायचं. सहाय्यित रोजगार म्हणतात तो एवढाच. ऐकायला सोपं वाटतं, पण ही कल्पना कायद्यात यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. त्याआधीची सगळी व्यवस्था उलट्या क्रमावर उभी होती: आधी माणूस तयार करा, मग नोकरीचं बघू. ही तयारी बहुतेकांच्या बाबतीत कधी पुरी झालीच नाही.

सुरुवात मात्र आशेने झाली होती. एदुआर सेगँ यांनी पॅरिसमध्ये १८४० च्या आसपास अशा मुलांना पद्धतशीर शिकवायला घेतलं. हात, डोळा, कान यांना वळण लावत नेलं तर ही मुलं बरंच काही शिकतात, हे त्यांनी दाखवून दिलं. अमेरिकेत सॅम्युएल ग्रिडली हाउ यांनी १८४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये अशीच शाळा काढली. मुलाने काही वर्षं शिकावं, हाताला काम यावं आणि त्याने घरी परतावं, असा बेत होता. अपंगांना मोठ्या संख्येने एका ठिकाणी गोळा करू नका, असं हाउ १८६६ मध्ये जाहीरपणे सांगत होते. त्यांचं कोणी ऐकलं नाही. मुलं मोठी झाली, बाहेर काम नव्हतं, अनेकांना परतायला घरही नव्हतं. शाळांचे आश्रम झाले आणि आश्रमांच्या अवाढव्य वसाहती.

या वसाहतींमध्ये काम भरपूर होतं. धुलाईखाना, स्वयंपाकघर, शेत, गोठा सगळं तिथे राहणारेच चालवायचे. जास्त अक्षमता असलेल्यांना भरवणं, आंघोळ घालणं हेही त्यांच्याच अंगावर. पगार शून्य. जो माणूस सगळ्यात चांगलं काम करायचा, तोच बाहेर राहायला सगळ्यात लायक असायचा. पण त्याला सोडलं तर धुलाईखाना बंद पडणार, म्हणून त्याला सोडणं संस्थेला परवडायचं नाही. वर वंशशुद्धीच्या विचाराची भर पडली. अशा माणसांना संस्थेत ठेवून घेण्याची मुभा देणारा ब्रिटनचा १९१३ चा कायदा आणि सक्तीच्या नसबंदीला मान्यता देणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९२७ चा बक विरुद्ध बेल निकाल, दोन्ही त्या विचारातूनच आले. अमेरिकेतल्या सरकारी संस्थांमधल्या अशा रहिवाशांची संख्या वाढत वाढत १९६७ मध्ये सुमारे १ लाख ९५ हजारांवर गेली. तिथल्या कामगार-रहिवाशांनाही किमान वेतनाचा कायदा लागू होतो, असं न्यायालयाने म्हटलं ते १९७३ मध्ये. त्यानंतर अनेक संस्थांनी पगार देण्याऐवजी कामच काढून घेतलं, आणि माणसं दिवसभर रिकामी बसू लागली.

संरक्षित कार्यशाळांचा, म्हणजे फक्त अक्षमता असलेल्यांसाठी वेगळ्या काढलेल्या कामाच्या जागांचा, उगम वेगळा आहे. बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेने १८४० च्या सुमारास अंध प्रौढांसाठी कार्यशाळा सुरू केली. पुढे महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे या प्रकाराला बळ मिळालं. ब्रिटनमध्ये १९४४ च्या कायद्यानंतर सरकारने रेम्प्लॉय ही कारखान्यांची साखळीच उभी केली. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी कार्यशाळा आल्या त्या मुख्यतः पालकांच्या रेट्यातून. ब्रिटनमध्ये १९४६ मध्ये आणि अमेरिकेत १९५० मध्ये पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या. वसाहतीत मूल टाकायचं नाही आणि शाळा घेत नाही, अशा कात्रीत सापडलेली ही माणसं. मुलं वयात आली तेव्हा मिळेल त्या जागेत त्यांनीच काम सुरू केलं: पाकिटं भरणं, स्क्रू मोजून पिशवीत घालणं, खोकी दुमडणं. आज कार्यशाळांवर टीका करणं सोपं आहे, पण त्या काळी ती घराबाहेर पडण्याची एकमेव जागा होती आणि ती पालकांनी भांडून मिळवलेली होती.

खोट होती ती पगारात. अमेरिकेच्या १९३८ च्या किमान वेतन कायद्यातच, आज कलम १४(सी) म्हणून ओळखली जाणारी तरतूद घातलेली होती. त्यानुसार अक्षमता असलेल्या कामगाराला किमान वेतनापेक्षा कमी देता येतं. हिशेब असा: धडधाकट कामगार तासाला किती नग करतो ते घड्याळ लावून मोजायचं, मग या माणसाचे नग मोजायचे आणि जितके टक्के नग तितके टक्के मजुरी. वरवर पाहता न्याय्य वाटतं. पण माल उशिरा आला, यंत्र मोडकं निघालं, किंवा जे काम त्याला मुळीच जमत नाही तेच वर्षानुवर्षं त्याच्यापुढे ठेवलं, तर तो तोटा कोणाचा? या हिशेबात तो कामगाराच्याच खाती पडतो. मालकाने नीट शिकवलं का, हा प्रश्न त्यात येतच नाही.

आणि शिकवता येतं का, याचं उत्तर तोवर मिळालेलं होतं. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये नील ओ'कॉनर, जॅक टिझार्ड, क्लार्क दांपत्य आणि बिआटे हर्मेलिन यांनी मोठ्या संस्थांमधल्या रहिवाशांना कारखान्यातली कामं देऊन पाहिली. १९५५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या क्लार्क-हर्मेलिन यांच्या निबंधात ज्यांचा बुद्ध्यांक पन्नाशीच्याही खूप खाली होता अशा माणसांनी टेलिव्हिजनच्या प्लगला रंगीत तारा डाग देऊन जोडल्या, सायकलचा पंप जुळवला. पहिल्या दिवशीचं काम बघून कोणी निष्कर्ष काढला असता तर तो साफ चुकला असता; सुरुवातीचा वेग आणि सरावानंतरचा वेग यांचा फारसा संबंधच नव्हता.

अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी हेच १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इतक्या ठसठशीतपणे दाखवलं की दुर्लक्ष करणं अवघड झालं. त्यांनी सायकलच्या मागच्या चाकातला ब्रेक निवडला. तो १५ सुट्या भागांचा असतो आणि एक वायसर उलटा बसला तरी सगळं वाया जातं. हे काम त्यांनी कार्यशाळेतल्या अशा तरुणांना दिलं, ज्यांना तोवर पाकिटं भरण्यापलीकडे कोणी काही दिलं नव्हतं. भाग क्रमाने ट्रेमध्ये मांडलेले. काही जणांच्या भागांवर, नीट धरल्यावर जी बाजू आपल्याकडे येते ती लाल रंगवलेली. म्हणजे लाल दिसलं की बरोबर. शिकवणारा जवळजवळ काही बोलायचा नाही. चूक झाली की 'दुसऱ्या पद्धतीने करून बघ' एवढंच. शाबासकीचा वर्षाव नाही, लांबलचक सूचना नाहीत. जवळजवळ सगळे शिकले, लाल खूण असलेले लवकर शिकले, आणि मग २४ भागांचा ब्रेकही जुळवू लागले. गोल्ड यांचं म्हणणं असं होतं की शिकणाऱ्याला जमत नसेल तर शिकवणाऱ्याने आपली रीत बदलावी. ते १९८२ मध्ये गेले, पण काम बारीक पायऱ्यांत फोडून शिकवण्याची त्यांची रीत आजही जॉब कोचच्या, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून शिकवणाऱ्याच्या, प्रशिक्षणाचा कणा आहे.

मग प्रश्न उरला तो जागेचा. माणूस ब्रेक जुळवू शकतो, तर तो कार्यशाळेत का बसलाय? कार्यशाळा म्हणजे एक पायरी, तिथे तयार होऊन माणूस पुढे जातो, असा कागदोपत्री दावा होता. ओरेगन विद्यापीठातले टॉम बेलामी आणि सहकारी यांनी लोक प्रत्यक्षात किती वेगाने वरच्या पायरीवर जातात ते तपासलं. त्या वेगाने अनेकांची पहिली नोकरी निवृत्तीच्या वयानंतर लागली असती. व्हर्जिनियात पॉल वेमन यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून क्रमच फिरवला: आधी नेमणूक, मग प्रशिक्षण. जॉब कोच उमेदवाराबरोबर कामावर जायचा, पहिले काही दिवस काम पुरं होईल याची हमी घ्यायचा, शिकवत शिकवत मागे सरकायचा, आणि नंतर अधूनमधून चक्कर टाकायचा. पाठबळ संपत नाही, फक्त विरळ होत जातं. जुन्या पुनर्वसनापेक्षा हे वेगळं होतं, कारण तिथे नोकरी लागली की फाइल बंद व्हायची.

१९८४ च्या विकासात्मक अपंगत्वाच्या कायद्याने या कल्पनेला व्याख्या दिली आणि १९८६ च्या पुनर्वसन कायद्यातल्या दुरुस्तीने पैसा. नियमांनी आठवड्याला सरासरी किमान २० तास काम आणि एका गटात जास्तीत जास्त आठ जण अशी मर्यादा घातली. याच १९८६ मध्ये, त्याच अमेरिकी संसदेने, कलम १४(सी) मधली मजुरीची खालची मर्यादाही काढून टाकली. म्हणजे एका कायद्याने पूर्ण पगाराच्या नोकरीचं दार उघडलं आणि दुसऱ्याने कार्यशाळेत तासाला काही सेंट देणं कायदेशीर करून ठेवलं. या विषयातलं पुढचं सगळं भांडण त्या एका वर्षात सापडतं असं मला वाटतं.

हे कुठवर जाऊ शकतं ते आयोवामधल्या प्रकरणाने दाखवलं. हेन्रीज टर्की सर्व्हिस या कंपनीने टेक्सासमधल्या संस्थांतून बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष आणून १९७० च्या दशकापासून त्यांना टर्की पक्षी कापण्याच्या कारखान्यात राबवलं. ते अटालिसा गावातल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत राहायचे. काम इतरांइतकंच, हातात मात्र महिन्याला ६५ डॉलर. राहण्या-जेवण्याचा खर्च म्हणून बाकीचं कापलेलं. २००९ मध्ये त्यांची सुटका झाली. २०१३ मध्ये ज्युरीने ३२ जणांना मिळून २४ कोटी डॉलर भरपाई ठरवली, पण कायद्यातल्या कमाल मर्यादेमुळे ती १६ लाखांवर आली. काम जमत नाही म्हणून मजुरी कमी, हा युक्तिवाद इथे कोणालाच करता आला नसता; ते काम दशकानुदशकं त्यांनीच केलेलं होतं.

युरोपात सामाजिक उद्योगांची, म्हणजे अशा लोकांना काम मिळावं म्हणून काढलेल्या उद्योगांची, वाट वेगळी. कॅम्पहिल वसाहतींमध्ये (पहिली स्कॉटलंडमध्ये, १९४०) पगार ही कल्पनाच मुद्दाम नाकारलेली होती. सगळ्यांनी एकत्र राहायचं, एकत्र राबायचं. इटलीत उलट घडलं. त्रिएस्तेच्या मनोरुग्णालयात रुग्णांकडून 'उपचार' म्हणून फुकट सफाई करून घेतली जायची; मानसोपचारतज्ज्ञ फ्रांको बाझालिया यांच्या काळात, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, तीच सफाई रुग्णांच्या सहकारी संस्थेला रीतसर कंत्राटाने दिली. काम तेच, पण आता मजुरी होती. यातून वाढलेल्या चळवळीला १९९१ च्या कायदा क्रमांक ३८१ ने चौकट दिली. त्यातल्या 'ब' प्रकारच्या सामाजिक सहकारी संस्थेत किमान ३० टक्के कामगार वंचित गटातले असावे लागतात. अशा कामगारांसाठी मालकाने भरायची सामाजिक सुरक्षेची वर्गणी माफ होते आणि स्थानिक सरकारं त्यांना काही मर्यादेपर्यंत थेट कामं देऊ शकतात. मनोरुग्णांपासून सुरू झालेल्या या चौकटीत बौद्धिक अक्षमता असलेले लोकही आले.

स्पेनमध्ये कातालोनियात क्रिस्तोबाल कोलोन या मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये ला फाहेदा ही सहकारी संस्था काढली. मनोरुग्णालयातली हस्तकला ही नुसती वेळ घालवण्याची युक्ती आहे, हे त्यांना खटकायचं. त्यांनी गायी पाळल्या आणि १९९३ पासून योगर्ट बनवून बाजारात उतरले, मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेत. हॅम्बुर्गमध्ये पालकांनी पुढाकार घेऊन त्याच वर्षी एक लहान हॉटेल सुरू केलं, जिथे त्यांची प्रौढ मुलं काम करू लागली. जर्मनीत अशा उद्योगांना आता कायद्याने स्वतंत्र दर्जा आहे. तिथे ३० ते ५० टक्के कामगार गंभीर अक्षमता असलेले असावेत, त्याहून जास्त शक्यतो नकोत. ही वरची मर्यादा मला खालच्या मर्यादेपेक्षा महत्त्वाची वाटते. ती नसली की सामाजिक उद्योग म्हणजे नव्या पाटीची कार्यशाळा व्हायला वेळ लागत नाही. पण एक अडचण खरी आहे. माल विकला जायचा तर तो वेळेवर, सारख्या दर्जाचा लागतो; मग संस्था हळूहळू जलद काम करणाऱ्यांनाच घेऊ लागते, आणि ज्यांच्यासाठी ती काढली तेच बाहेर राहतात.

इकडे सहाय्यित रोजगाराच्या आतही दुरुस्त्या चालू होत्या. जॉब कोच सतत कोपराशी उभा राहिला तर सहकारी त्या माणसाशी बोलतच नाहीत, सगळं कोचमार्फत चालतं. जॅन निस्बेट आणि डेव्हिड हॅग्नर यांनी १९८८ मध्ये हे मांडलं आणि कामाच्या जागी जे सहकारी, जो मुकादम आहे त्यांनाच पाठबळ द्यायला शिकवा, असं सुचवलं. १९९६ मध्ये सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात एरिन रीली या तातडीच्या विभागाच्या प्रमुख होत्या. सुया, बँडेज, ट्यूब यांचे कप्पे वेळेवर भरायला माणसं टिकत नाहीत, ही त्यांची डोकेदुखी होती. ते काम किचकट पण ठरीव क्रमाचं होतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना ते का देऊ नये, या विचारातून प्रोजेक्ट सर्च हा उपक्रम सुरू झाला आणि पुढे अनेक देशांत गेला. इथे दयेला जागा नव्हती. रुग्णालयाची अडचण सुटत होती. पुढे २००० च्या दशकात उमेदवाराला काय जमतं ते आधी शोधून त्याभोवती नोकरीच रचायची, अशी वैयक्तिक रोजगाराची पद्धतही आली.

अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं कलम २७ खुल्या, सर्वांसोबतच्या कामाचा हक्क मान्य करतं. २०२२ मध्ये त्या कराराच्या समितीने स्पष्टच लिहिलं की वेगळ्या काढलेल्या कार्यशाळा हे त्या हक्काचं पालन धरता येणार नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने आपली शेवटची कार्यशाळा २००२ च्या सुमारासच बंद केली होती. ओरेगन राज्याने खटल्यानंतर २०१५ मध्ये कार्यशाळांमधली संख्या कमी करण्याची तडजोड केली. ब्रिटनमध्ये रेम्प्लॉयचे शेवटचे कारखाने २०१३ मध्ये बंद झाले, तेव्हा तिथले कामगारच निषेधाला रस्त्यावर उतरले होते.

तो निषेध नीट समजून घ्यायला हवा. कार्यशाळा आठवड्याचे पाच दिवस चालते, तिथे मित्र असतात, ने-आण ठरलेली असते. खुल्या नोकरीत पगार पुरा मिळतो, पण पुष्कळदा आठवड्याला थोडेच तास. उरलेल्या वेळात माणूस घरी एकटा, आणि वयस्क आईवडिलांपैकी कोणीतरी अडकलेलं. उत्पन्न वाढलं की सरकारी मदत जाईल ही धास्ती वेगळीच. जर्मनीच्या कार्यशाळांमध्ये आजही सुमारे तीन लाख लोक आहेत, आणि त्यांतून खुल्या बाजारात जाणाऱ्यांचं प्रमाण वर्षाला एक टक्क्याहूनही कमी आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरने २०१५ मध्ये कमी मजुरीवर बंदी घातली, मग अनेक राज्यांनी. कलम १४(सी) देशभर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा प्रस्ताव कामगार खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये मांडला होता. २०२५ मध्ये तो मागे घेतला गेला, आणि १९३८ चं ते कलम अजून लागू आहे.