स्थलांतरित प्रेस्बिटेरियन पाळकाचा वंशशोध

स्कॉटलंड किंवा आयर्लंडमधील अल्स्टर प्रांतातून अमेरिकेत गेलेल्या प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या पाळकाचे मूळ घराणे धुंडाळण्याचे हे काम. बहुतेक वंशशोधक जहाजांच्या याद्यांपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडतात, कारण अमेरिकेतील सरकारी प्रवासी याद्या 1820 पासूनच्या आहेत. पाळकाच्या बाबतीत आधी त्याची प्रेस्बिटरी शोधावी. पाळक व मंडळीतील वडीलधारे (एल्डर) यांच्या या प्रादेशिक सभेने परीक्षा घेतल्याशिवाय कोणाला पाळकपदाची दीक्षा मिळत नसे आणि सभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद होई. पाळकाला विद्यापीठीय शिक्षणही लागे. ग्लासगो विद्यापीठाच्या 1728 पासूनच्या प्रवेशपटात विद्यार्थी कितवा मुलगा, बापाचे नाव, धंदा आणि गाव लॅटिनमध्ये लिहिलेले असते. सामान्य शेतकऱ्याबद्दल एवढी माहिती क्वचितच मिळते.

अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चचा जनक मानला जाणारा फ्रान्सिस मॅकेमी (सु. 1658–1708) याचे उदाहरण बोलके आहे. त्याचा जन्म अल्स्टरमधील डोनेगॉल परगण्यातल्या रॅमेल्टनचा. 1676 मध्ये ग्लासगोच्या त्याहून जुन्या पटावर त्याचे नाव ‘स्कॉटो-हायबर्नस’, म्हणजे आयर्लंडमधील स्कॉट, असे चढले. 1680 च्या जानेवारीत आपल्या गावचे पाळक टॉमस ड्रमंड यांचे शिफारसपत्र घेऊन तो त्या भागातील लॅगन प्रेस्बिटरीपुढे उभा राहिला. त्याच वर्षी अमेरिकेतील मेरीलँडमधून कर्नल स्टीव्हन्स यांचे, आम्हाला पाळक पाठवा अशी विनंती करणारे पत्र या सभेकडे आले. पुढे सभासदांवरील सरकारी कारवाईमुळे इतिवृत्तात खंड पडला. म्हणून मॅकेमीच्या दीक्षेचे 1682 हे साल अनुमानाने धरले जाते.

1683 मध्ये तो अमेरिकेत पोहोचला. इथून पुढचा माग चर्चपेक्षा व्हर्जिनियातील ॲकोमॅक कोर्टाच्या दप्तरात चांगला लागतो, कारण तो व्यापार आणि जमीनजुमलाही सांभाळत असे. सासरे विल्यम अँडरसन यांच्या मृत्युपत्रातून पत्नी नेओमीचे माहेर कळते, तर त्याच्या स्वतःच्या 1708 च्या मृत्युपत्रात एलिझाबेथ व ॲन या मुली भेटतात. एलिझाबेथ लवकर वारली. ॲन 1788 मध्ये निपुत्रिक गेली आणि थेट वंश खुंटला. तेव्हा त्याच आडनावाच्या कोणी स्वतःला त्याचा वंशज म्हटले, तर आधी हे मृत्युपत्र समोर ठेवावे. आडनावाच्या स्पेलिंगवरही भिस्त ठेवू नये. मॅकेमीचेच कागदोपत्री अनेक प्रकारे लिहिलेले आढळते.

आयरिश शाखेचा शोध जास्त कष्टाचा. 1922 मध्ये डब्लिनचे सरकारी अभिलेखागार जळाले, त्यात आयर्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या गेल्या. प्रेस्बिटेरियन वह्या स्थानिक चर्चच्या मंडळ्यांकडेच असल्याने बहुतांशी वाचल्या, पण त्यांतल्या पुष्कळशा एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात. स्कॉटलंडमध्ये ह्यू स्कॉट यांनी संकलित केलेली ‘फास्ती’ ही चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पाळकांची सूची हाताशी असते. तिच्यात पाळकाचे शिक्षण, दीक्षा, लग्न आणि मुलेबाळे एकत्र सापडतात.

मात्र 1843 मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये फूट पडली, शेकडो पाळक नव्या फ्री चर्चमध्ये गेले व त्यांच्या पुढच्या नोंदी त्या चर्चच्या दप्तरात गेल्या. 1829 मध्ये मुंबईत आलेले मिशनरी जॉन विल्सन त्यांपैकीच. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप तर फ्री चर्चतर्फेच भारतात आले. त्यामुळे महाराष्ट्रातल्या स्कॉटिश मिशनऱ्यांचे घराणे शोधणाऱ्यालाही दोन्ही चर्चची दप्तरे चाळावी लागतात.