लायपो पॅकची आग: चार्जिंगच्या नियमांमागे काय घडले

मोबाइलच्या बॅटरीच्या टोकाशी नखाएवढी एक सर्किट पट्टी असते. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले किंवा कुठे शॉर्ट झाले, की ती सेलचा संपर्क तोडते. रेडिओ कंट्रोल विमाने, गाड्या आणि रेसिंग ड्रोन यांच्या लायपो (लिथियम पॉलिमर) पॅकमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या सेलच्या बॅटरीत, सहसा अशी पट्टी नसते. २२०० मिलीअँपिअर-तासांच्या ३०सी पॅकने, म्हणजे क्षमतेच्या तीसपट करंट देणाऱ्या पॅकने, हिशेबाने ६६ अँपिअर द्यायचे असतात (छापील सी आकडे बहुधा फुगवलेले असतात, ते सोडा). एवढा करंट झेलणारे संरक्षण बसवले तर वजन वाढते, आणि हवेत असताना बॅटरीने आपणहून बंद पडणे हा वेगळाच अपघात. त्यामुळे हौशी पॅकचे संरक्षण पॅकच्या बाहेर आले: काही चार्जरमध्ये, काही बॅलन्स लीडमध्ये (प्रत्येक सेल वेगळा मोजू देणाऱ्या बारीक तारांत), आणि उरलेले चार्ज करणाऱ्याच्या डोक्यात. लायपोचे आज पाठ केले जाणारे बहुतेक नियम या स्थलांतरातून आले आहेत, आणि त्यांतल्या जवळपास प्रत्येकामागे बिघाडाची एक ठराविक तऱ्हा आहे.

सुरुवात धातुरूप लिथियमपासून झाली. सत्तरच्या दशकात एक्सॉन कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइडचा कॅथोड (धन बाजू) आणि लिथियम धातूचा ॲनोड (ऋण बाजू) घेऊन रिचार्ज होणारा सेल बनवला. चार्ज होताना लिथियम ॲनोडवर सपाट बसत नाही, त्याचे बारीक तंतू वाढतात. त्यांना डेंड्राइट म्हणतात. तंतू दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणाऱ्या मधल्या सेपरेटरमधून पलीकडे पोहोचला की आतल्या आत शॉर्ट. प्रयोगशाळेत अग्निशमन दलाला इतक्यांदा धावावे लागले की लिथियमची आग विझवणाऱ्या खास रसायनांचा खर्च तुमच्याकडून घेऊ, अशी तंबी त्यांनी दिली. पुढे कॅनडातल्या मोली एनर्जीने धातुरूप लिथियमचे सेल बाजारात आणले. १९८९ मध्ये जपानमध्ये ते सेल असलेल्या मोबाइल फोनला आग लागली, माल परत घ्यावा लागला आणि धातूच्या ॲनोडची ही वाट तिथे जवळपास बंद झाली.

दुसरी वाट तोवर तयार होत होती. जॉन गुडइनफ यांच्या ऑक्सफर्डमधल्या गटाने १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड दाखवला होता. असाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये त्याच्यासमोर लिथियम धातूऐवजी कार्बनचा ॲनोड ठेवला. कार्बनच्या थरांत लिथियम आयनांना बसायला जागा मिळते, म्हणून नीट वापरलेल्या सेलमध्ये धातू साठतच नाही. योशिनो यांनी सेलवर लोखंडाचे वजन टाकून चाचणी घेतली. धातूच्या लिथियमचा सेल भडकला, कार्बनचा शांत राहिला. सोनीने १९९१ मध्ये या रचनेची बॅटरी बाजारात आणली.

नीट वापरलेल्या सेलमध्ये, ही अट मात्र महत्त्वाची. शून्य अंशाखाली चार्ज केले, झेपेल त्यापेक्षा जास्त करंट दिला किंवा ४.२० व्होल्टच्या, म्हणजे भरलेल्या सेलच्या मर्यादेच्या, पुढे रेटले, तर आयनांना कार्बनमध्ये शिरायला वाव मिळत नाही आणि तोच धातू पुन्हा पृष्ठभागावर बसू लागतो. म्हणजे १९८९ साली हद्दपार केलेला दोष चार्जर चुकीचा लावून आजही सेलमध्ये परत आणता येतो.

दंडगोल सेलना कंपन्यांनी पोलादी डबा दिला. त्याच्या टोपणात दाब वाढला की उघडणारी झडप आणि करंट तोडणारी तबकडी बसवली, आणि तापल्यावर रोध वाढवणारी कडीही. लायपोत यातले काहीच नाही. पीटर राइट यांनी १९७३ मध्ये पॉलिमरमधून आयन वाहतात हे दाखवले आणि मिशेल आर्मां यांनी त्याच दशकाच्या अखेरीस घन पॉलिमर इलेक्ट्रोलाइटची (आयन वाहून नेणाऱ्या माध्यमाची) बॅटरी सुचवली. ज्वलनशील द्रवच नको, हा त्यातला मोठा फायदा होता. पण घन पॉलिमरमधून पुरेसा करंट निघायला सेल बराच तापवावा लागत असे. नव्वदच्या दशकात बेलकोर प्रयोगशाळेने पॉलिमरमध्ये द्रव मुरवून जेल केले आणि सेल पातळ पाकिटात भरण्याची वाट मोकळी केली. आज हौशी पॅकमध्ये मिळतो तो या वाटेने आलेला सेल: आत नेहमीचे कार्बोनेट द्रावक, बाहेर ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकचे लॅमिनेट. वजन घटले, करंट वाढला. डबा, झडप आणि तबकडी गेली. पाकीट फुगते ते यामुळेच. आत इलेक्ट्रोलाइट मोडून वायू होतो आणि त्याला बाहेर जायला वाट नसते. फुगलेला पॅक म्हणजे आतली रासायनिक झीज डोळ्यांना दिसणे. टोचून वायू काढला तर हवेतला ओलावा आत जातो आणि इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट या क्षारापासून विषारी हायड्रोजन फ्लुओराइड तयार होते. पिन थरांतून गेली तर शॉर्ट वेगळाच.

हे पाकीट मॉडेल विमानांच्या हौशीत २००० च्या सुमारास आले तेव्हा टेबलावरचे चार्जर निकेल-कॅडमियमचे होते, आणि पहिल्या काळातल्या आगींचे मूळ बरेचसे इथे आहे. निकेल-कॅडमियम सेल भरला की त्याचे व्होल्टेज काही मिलीव्होल्टने खाली येते. ती घसरण दिसली की चार्जर थांबतो. ओळखायला उशीर झाला तरी जादा ऊर्जा सेलमध्येच ऑक्सिजन बनून पुन्हा जिरते आणि सेल फक्त गरम होतो. लिथियममध्ये ना ती घसरण आहे ना जिरवण्याची सोय. घसरणीची वाट पाहणारा चार्जर करंट ढकलत राहतो आणि सेल ४.२० ओलांडून पुढे जातो. म्हणून लायपो फक्त लायपो मोडमध्ये: आधी ठराविक करंट, ४.२० व्होल्टला पोहोचल्यावर ठराविक व्होल्टेज, आणि करंट मूळच्या सुमारे दहाव्या भागावर आला की बंद. १सी म्हणजे क्षमतेएवढा करंट, २२०० च्या पॅकला २.२ अँपिअर. लेबलवर जास्त चार्जिंग दर छापलेला असला तरी १सीवर पॅक जास्त टिकतो.

लायपोसाठी बनलेल्या सुरुवातीच्या चार्जरांत सेलची संख्या हाताने द्यावी लागे. दोन सेलच्या पॅकला तीन निवडले की चार्जर १२.६ व्होल्टकडे निघतो, म्हणजे प्रत्येक सेलला ६.३. तिथपर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी भडका उडतो. नुसत्या एकूण व्होल्टेजवरून संख्या आपोआप ओळखणेही फसवे निघाले: ८.४ व्होल्ट म्हणजे दोन सेलचा भरलेला पॅक, किंवा तीन सेलचा रिकामा. दुसरा प्रश्न असमतोलाचा होता. फक्त दोन जाड तारांवरून पाहणाऱ्या चार्जरला १२.६ दिसते, पण आत ४.१०, ४.१० आणि ४.४० असू शकते.

दोन्हींवरचा उतारा म्हणजे बॅलन्स लीड. तीन सेलच्या पॅकला चार बारीक तारा, प्रत्येक जोडावरून एक. त्यामुळे चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजतो, संख्या ताडून पाहतो आणि पुढे गेलेल्या सेलचा थोडा करंट रोधातून जाळतो. लहान चार्जरमध्ये हा करंट काहीशे मिलीअँपिअरच असतो. म्हणून खूप असमतोल झालेला मोठा पॅक बॅलन्स व्हायला तासन्‌तास घेतो, आणि अशा पॅकला घाईने साध्या चार्ज मोडवर टाकणे म्हणजे बॅलन्स लीड नसलेल्या काळात परत जाणे. सुरू करण्यापूर्वी स्क्रीनवरची सेलसंख्या लेबलशी जुळवायची. जुन्या चार्जरांत ४.१ व्होल्टचा वेगळा लिथियम-आयन मोड असे, आता ४.३५ व्होल्टच्या एचव्ही (जास्त व्होल्टेजच्या) पॅकसाठी वेगळा मोड असतो. साधा पॅक एचव्ही मोडवर लागला तर बॅलन्स होऊनही प्रत्येक सेल ओव्हरचार्ज होतो, आणि चार्जर तक्रार करत नाही.

जोडण्याचा क्रमही शॉर्टच्या अनुभवातून आला. चार्ज लीडच्या एका टोकाला उघडे बनाना प्लग असतात. पॅक आधी जोडला तर ती दोन टोके एकमेकांना टेकू शकतात. म्हणून लीड आधी चार्जरला, मग पॅक, काढताना उलट.

पॅरलल बोर्डावर, म्हणजे अनेक पॅक एकाच चार्जरला समांतर जोडणाऱ्या पट्टीवर, सहा-सहा पॅक एकदम लावायची पद्धत ड्रोन रेसिंगबरोबर पसरली. तीन सेलचा एक पॅक १२.६ वर आणि दुसरा ११.१ वर असताना जोडले तर फरक १.५ व्होल्ट. दोन्ही पॅक आणि तारा मिळून रोध ४० मिलीओह्‌म धरला तर पहिल्या क्षणी सुमारे ३७ अँपिअर भरलेल्या पॅकमधून रिकाम्यात धावतात, चार्जरला न विचारता. फरक दर सेलमागे ०.१ व्होल्टच्या आत हवा. आधी जाड प्लग जोडून थोडे थांबायचे, मग बॅलन्स लीड. उलट केले तर तो करंट बारीक तारांतून जाऊन त्या वितळतात. फ्यूज असलेला बोर्ड बरा, पण फ्यूज आहेत म्हणून फरक न मोजणे बरोबर नाही.

सेल एकदा तापू लागला की पायऱ्या ठरलेल्या आहेत. ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ॲनोडवरचा संरक्षक थर मोडू लागतो आणि उष्णता सोडतो. सुमारे १३० अंशांना पॉलिइथिलीनचा सेपरेटर वितळतो. दोनशेच्या आसपास भरलेला कोबाल्ट ऑक्साइड ऑक्सिजन सोडतो. म्हणजे हवा कोंडून ही आग गुदमरत नाही. शेजारचा सेल तापतो आणि तीच साखळी पुढे सरकते. कार्बन डायऑक्साइडचे सिलेंडर ज्वाळा दाबते, पण थंड करत नाही, आणि पॅक पुन्हा पेटतो.

पाणी चालत नाही हा समज धातुरूप लिथियमच्या काळातला उरलेला आहे. लायपोत धातूचा साठा नसतो. इथे मुख्य काम उष्णता काढून घेणे, आणि त्यासाठी पाण्यासारखे स्वस्त काही नाही. विमानाच्या केबिनमध्ये लॅपटॉप पेटला तर ज्वाळा दाबून मग भरपूर पाणी ओता, असेच अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे मार्गदर्शन आहे. अर्थात आधी चार्जरचा मेन बंद करायचा. कोरडी वाळू ज्वाळा आणि उडणारे तुकडे अडवते, आजूबाजूचे सामान वाचवते, पण सेल थंड करत नाही. धुरात हायड्रोजन फ्लुओराइड असू शकतो, तेव्हा खोलीत धूर भरला की पॅक वाचवायला आत राहायचे नाही.

डब्यांबाबत हौशींनी बरेच प्रयोग केले. काचतंतूच्या पिशव्या ठिणग्या अडवतात, पण ज्वाळा झाकणाच्या फटीतून बाहेर येते आणि मोठ्या पॅकपुढे त्या तोकड्या पडतात. दारूगोळ्याचे पत्र्याचे डबे लोकप्रिय झाले. त्यांचे रबरी सील काढले नाही तर आतला वायू साठतो आणि डबा स्वतःच फुटतो. हाच विचार मोठ्या प्रमाणावर २०१३ मध्ये दिसला. बोइंग ७८७ च्या बॅटऱ्या जानेवारीत दोनदा बिघडल्या आणि सगळा ताफा जमिनीवर बसवला गेला. उपाय म्हणून बॅटरी स्टेनलेस स्टीलच्या पेटीत गेली आणि पेटीतला वायू थेट विमानाबाहेर सोडणारी नळी बसवली गेली. टेबलावरच्या डब्याला नळी नको, पण झाकण सैल हवे, डब्याखाली फरशी किंवा काँक्रीट हवे, आणि वर पडदे किंवा फळी नको.

साठवण्याच्या नियमाला मालवाहतुकीचे पाठबळ आहे. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईजवळ यूपीएसचे मालवाहू ७४७ कोसळले, दोन्ही वैमानिक गेले. मालात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या आणि आग त्या मालातून सुरू झाल्याचे चौकशीत निघाले. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना प्रवासी विमानाच्या मालकक्षात बंदी आली, आणि मालवाहू विमानात ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नको असे ठरले. कमी भरलेला सेल कमी उष्णता सोडतो आणि उशिरा भडकतो. हौशीसाठी याचा अर्थ दर सेलला ३.८० ते ३.८५ व्होल्ट, चार्जरच्या स्टोरेज मोडने. उद्या उडवायचे म्हणून भरून ठेवलेले पॅक महिनाभर तसेच राहतात, आणि फुगतात ते बहुधा हेच.

अगदी खाली गेलेला सेलही धोक्याचा. लोड असताना साधारण ३.३ च्या खाली न्यायचा नाही. १.५ व्होल्टच्याही खाली जाऊन पडून राहिला की ॲनोडमागचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो; पुन्हा चार्ज करताना ते तांबे नको तिथे बसते आणि आतला शॉर्ट तयार होतो. चार्जर ‘व्होल्टेज कमी’ म्हणून नाकारतो तेव्हा निकेल मोडवर क्षणभर ‘जागे करायची’ युक्ती अजूनही सांगितली जाते. ती करू नये.

बाद पॅक मिठाच्या पाण्यात टाकायचा सल्लाही जुन्या काळातला. पाण्यात आधी टॅब आणि प्लग गंजतात, संपर्क तुटतो आणि सेलमध्ये चार्ज तसाच राहतो. त्यापेक्षा तीन सेलच्या पॅकला गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब जोडून उघड्यावर, डब्यात ठेवून रिकामा करावा. करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास राहतो. बल्ब विझल्यावरही जोडलेला ठेवावा, कारण काढताच व्होल्टेज पुन्हा वर येते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक सेल शून्याजवळ असल्याचे मोजूनच पॅक बॅटरी संकलनाकडे द्यावा, आणि तो पुन्हा कधीही चार्जरला लावू नये. प्लग कापायचा असेल तर एक तार कापून तिचे टोक टेपने झाकावे, मगच दुसरी. कटरचे पाते दोन्ही तारांवर एकदम बसले तर तेच शॉर्ट करते.