पॉवर कंडिशनर आधी की अर्थिंग आधी?

नवरात्र जवळ आली की बडोद्यातल्या वादकांच्या आणि साउंडवाल्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास निघतो: रॅकमध्ये, म्हणजे साउंडची उपकरणं बसवण्याच्या चौकटीत, पॉवर कंडिशनर हवाच का? म्हणजे तो काळा, चपटा लोखंडी डबा. मागे आठ-दहा सॉकेट, पुढे व्होल्टेजचा आकडा, बाजूला हिरवा दिवा. आमचं उत्तर: बहुतेकांना नको. ज्या संकटाच्या, म्हणजे भलत्या व्होल्टेजच्या, भीतीने तो विकत घेतला जातो, त्या संकटात बहुधा तोच आधी जळतो.

डबा उघडला तर आत फारसं काही नसतं. एक सर्किट ब्रेकर, दोन-तीन व्हॅरिस्टर, एक कॉइल, काही कपॅसिटर आणि बाकी सगळं सॉकेटचं वायरिंग. नाव कंडिशनर असलं तरी साधं मॉडेल व्होल्टेज वरखाली करत नाही. आत 190 आले तर बाहेरही 190च. व्होल्टेज सावरण्याचं काम स्टॅबिलायझरचं, ते यंत्र वेगळं.

व्हॅरिस्टर ही झिंक ऑक्साइडची चकती. नेहमीच्या व्होल्टेजला ती जवळपास बंद असते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे अचानक वाहू लागते. आपल्या 230 व्होल्टच्या पुरवठ्यासाठी सहसा 275 व्होल्टची चकती वापरतात. जवळपास मोठी मोटर बंद झाली किंवा दूर वीज पडली की लाइनवर हजार-दोन हजार व्होल्टचा क्षणिक झटका येतो. तो ही चकती साधारण 700 व्होल्टवर छाटते, तेही काही नॅनोसेकंदांत. प्रेशर कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखं तिचं काम आहे: एका उसळीपुरतं, सततच्या दाबासाठी नाही. शिवाय प्रत्येक मोठ्या झटक्यागणिक ती थोडी झिजते. इतपत संरक्षण चांगल्या स्पाइक गार्डमध्येही मिळतं, कारण आतली चकती तीच.

मंडपात मात्र वाद्यं जळतात ती अशा क्षणिक झटक्याने क्वचितच. खरा खलनायक म्हणजे सुटलेला न्यूट्रल, वीज परत नेणारी तार.

थ्री फेज जोडणीत दोन फेजमध्ये 400 व्होल्ट असतात आणि प्रत्येक फेज ते न्यूट्रल 230. समजा एका फेजवर मंडपातले 3000 वॉटचे हॅलोजन आहेत, दुसऱ्यावर 500 वॉटची साउंड, तिसरा रिकामा. मागे कुठेतरी न्यूट्रलचा जोड सुटला. आता हॅलोजन आणि साउंड एकामागोमाग जोडल्यासारखे होतात आणि 400 व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी विषम होते, कारण ज्याचा लोड कमी त्याचा रोध जास्त आणि वाटाही जास्त. हिशेब केला तर हॅलोजनना सुमारे 57 व्होल्ट मिळतात आणि साउंडला 343. खूण डोळ्यांना दिसते: काही दिवे मिणमिणतात, काही भगभगतात. ते दिसलं की चर्चा न करता मेन पाडायचा.

एसी व्होल्टेज सतत वरखाली होतं, मीटरचा आकडा शिखराचा नसतो; 343 व्होल्टचं शिखर 485 व्होल्ट असतं. अडॅप्टरच्या आतला मुख्य कपॅसिटर सहसा 400 किंवा 450 व्होल्टचा असतो, तो फुगतो किंवा फुटतो. आणि कंडिशनर? त्यातला व्हॅरिस्टर दर सेकंदाला शंभर वेळा वाहू लागतो, काही क्षणांत तापतो आणि जळतो. थर्मल फ्यूज, म्हणजे तापल्यावर जोडणी तोडणारा फ्यूज, नसेल तर धूरही निघतो.

न्यूट्रल सुटतो त्याची कारणं साधी असतात. ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला पिळून वर टेप गुंडाळलेली असते, लोड वाढला की जोड तापतो, सैल होतो. किंवा जनरेटरच्या टर्मिनलवर वायर लगशिवाय, म्हणजे टोकाला बसवायच्या धातूच्या कडीशिवाय, नुसती दाबलेली असते आणि थरथरीने निसटते. उत्तरायणाच्या दिवसांत आकाशात पतंग आणि तारांवर मांजा. ओढाताणीत तारा एकमेकींना लागल्या की घरातसुद्धा क्षणभर भलतं व्होल्टेज येऊ शकतं. म्हणून 14 आणि 15 जानेवारीला गच्चीवर गाणी लावताना महागडा मिक्सर खालीच ठेवावा, हे आमचं मत.

यावर खरा इलाज म्हणजे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीच्या पेटीत बसणारं हे छोटं उपकरण कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं आणि ब्रँडेड कंडिशनरपेक्षा खूप स्वस्त असतं. वरची मर्यादा 260 आणि खालची 180 व्होल्ट लावा. पुरवठा पूर्ववत झाल्यावर पुन्हा जोडण्याआधीची वाट निदान 60 सेकंद ठेवा. लोडप्रमाणे 40 किंवा 63 अँपिअरचा घ्या. तो बसवायचा साउंडच्या पेटीत, जनरेटरजवळ नाही, कारण न्यूट्रल मधल्या केबलमध्येही तुटू शकतो. त्यातला रिले, म्हणजे वीज तोडणारा स्विच, व्हॅरिस्टरइतका चपळ नसतो, त्यामुळे त्याच्या पुढे, साउंडच्या बाजूला, एक स्पाइक गार्ड असू द्यावा. दोघांची कामं वेगळी आहेत.

स्टॅबिलायझर हवा का, हे उपकरणाच्या मागची पट्टी सांगते. तिथे 100–240 व्होल्ट लिहिलं असेल तर आतला स्विचिंग पुरवठा 190 व्होल्टवरही शांतपणे काम करतो, स्टॅबिलायझर लागत नाही. फक्त 230 लिहिलेलं जड ट्रान्सफॉर्मरचं उपकरण, जुना ॲम्प्लिफायर किंवा व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प असेल, आणि घरी व्होल्टेज वारंवार 200च्या खाली जात असेल, तर व्होल्टेज सलग सावरणारा सर्व्हो स्टॅबिलायझर घ्यावा. रिलेचा स्वस्त स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलतो आणि प्रत्येक टप्प्याला खट् करतो. रेकॉर्डिंगमध्ये तो खट् ऐकू येतो.

आता स्पीकरमधली गुणगुण, म्हणजे हम. ‘कंडिशनर लावला की हम जातो’ ही समजूत फार चिवट आहे. त्यातल्या कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर साधारण लाखभर हर्ट्झच्या वर नीट काम करतो, आणि हम असतो 50 व 100 हर्ट्झला. तो बहुतेक वेळा विजेच्या वायरमधून नाही, ऑडिओ केबलमधून येतो. कीबोर्ड स्टेजवरच्या सॉकेटला, मिक्सर शंभर फुटांवर दुसऱ्या सॉकेटला. दोन्ही ठिकाणच्या अर्थमध्ये थोडा फरक असतो आणि तो फरक ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. उपाय दोन: स्टेज आणि मिक्सर एकाच सर्किटवरून चालवा, आणि कीबोर्डचा सिग्नल डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल लांब नेण्याजोगा करणारी छोटी डबी) बॅलन्स्ड केबलने पाठवून त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे केबलच्या जाळीची अर्थशी जोडणी तोडणारं, बटण दाबा. थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन मोडणं हा उपाय नव्हे. ती मोडली तर हम जाईल, आणि कधीतरी गाणाराही.

अर्थिंगशिवाय काय होतं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये आणि कंडिशनरमध्येही, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ असेल तर गळणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थ नसेल तर डब्याची धातू दोघांच्या मधोमध तरंगते, म्हणजे सुमारे 115 व्होल्टवर. प्रवाह मिलिअँपिअरच्या भागात असल्याने एकट्याने जीव जात नाही, पण गिटारच्या तारेवर हात आणि माइकला ओठ लागले की झिणझिणी येते. दहा उपकरणं एकाच बोर्डावर असली तर गळतीची बेरीज होते. म्हणजे अर्थ नसलेल्या सॉकेटला कंडिशनर लावला की उलट तोच स्टेजवर झिणझिण्या पसरवतो, आणि अर्थकडे जोडलेले त्याचे व्हॅरिस्टरही निकामी ठरतात. मांडवी किंवा दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांमध्ये सॉकेट तीन भोकांचा असला तरी तिसऱ्यामागे तार असेलच असं नाही.

तपासणी पाच मिनिटांची. मल्टिमीटर एसी 600 किंवा 750 वर ठेवा. फेज ते न्यूट्रल 215 ते 245 असावं. फेज ते अर्थ साधारण तितकंच. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. मात्र लोड चालू असतानाही ते अगदी शून्यावर अडकलं असेल तर कुणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकले असण्याची शक्यता आहे. हे धोक्याचं आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. पेटीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह गळताच वीज तोडणारा ब्रेकर, हवाच. जीव वाचवणारं तेच एक उपकरण.

केबलकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. 10 अँपिअर प्रवाह 50 मीटर नेताना 1 चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे 20 व्होल्ट वाटेतच जातात, 2.5च्या वायरीत सुमारे 8. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला ॲम्प्लिफायर प्रवाह मागतो, बारीक वायरीत व्होल्टेज तेवढ्यापुरतं ढासळतं आणि बेस पोकळ वाटतो. लोक स्पीकरला दोष देतात. केबल ड्रमवरून पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल तापते. जनरेटरवर 70 टक्क्यांपेक्षा जास्त लोड नको. तो सुरू करून, लाइट चालू करून, मीटर पाहून मगच साउंड जोडा.

डिजिटल मिक्सर किंवा लॅपटॉपवर कार्यक्रम असेल तर कंडिशनरच्या पैशात प्युअर साइन वेव्हचा 1 केव्हीए यूपीएस घ्या. वीज अर्धा सेकंद गेली तरी मिक्सर पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर लागतं, आणि गरबा मिनिटभर थांबत नाही. पॉवर ॲम्प्लिफायर मात्र यूपीएसवर लावू नका, आणि वीज गेल्याबरोबर त्यांची बटणं बंद करा. मिक्सर आधी, ॲम्प शेवटी सुरू करायचा. बंद करताना उलट.

एवढं झाल्यावर रॅकमधली सॉकेटं एका जागी हवीत म्हणून कंडिशनर घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, सोय होते. परदेशातून कुणी आणत असेल तर मॉडेल 120 व्होल्टचं नाही ना, ते पाहा. थर्मल फ्यूज आणि संरक्षण चालू असल्याचा दिवा असलेलाच निवडा. व्हॅरिस्टर जळाल्यावर कित्येक मॉडेलमध्ये फक्त तो दिवा विझतो, सॉकेटमधली वीज चालूच राहते. रॅकच्या मागच्या बाजूला बसवलेल्या डब्याचा तो दिवा कुणालाच दिसत नाही, तेव्हा डबा पुढच्या बाजूला बसवा.