दुसरी खेप, उलटलेली तारीख

तारीख उलटून सहा दिवस झाले होते. बाळाचे ठोके नोंदवणाऱ्या एनएसटी तपासणीचा पट्टा पोटाला बांधून मी पडून होते. बाळाचे ठोके खोलीभर ऐकू येत होते आणि माझ्या डोक्यात पहिल्या खेपेचे हिशेब चालले होते. तेव्हाही अशीच तारीख उलटली होती. कळा आपणहून येईनात म्हणून औषध देऊन आणल्या आणि संध्याकाळी सुरू झालेलं ते सगळं दुसऱ्या दिवशी रात्री संपलं. आताही तेवढंच, तसंच होणार असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात कळांची सलाईन लावल्यापासून सहा तासांच्या आत दुसरं बाळ माझ्या छातीवर होतं.

हे असं का झालं, हे मला नंतर वाचून कळलं. आधी कळलं असतं तर ते सहा दिवस मी इतकी घाबरून काढले नसते. पहिलं बाळंतपण शरीरात काही खुणा कायमच्या ठेवून जातं. त्यामुळे औषधाने कळा आणण्याचं, म्हणजे इंडक्शनचं, गणित दुसऱ्या खेपेला वेगळं मांडावं लागतं. पहिलटकरणीसाठी जमवलेले आकडे दुसऱ्या खेपेच्या बाईला जसेच्या तसे लावून चालत नाही.

मुळात ती तारीख येते कुठून? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजायचे, हा नियम जर्मनीतल्या हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखला जातो. तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आला आहे. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. कुणाला वाटेल, पाळीचा हिशेब चुकत असेल, म्हणून असं होतं. तेही पुरतं खरं नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांच्या रोजच्या लघवीतली संप्रेरकं मोजून बीज सुटल्याचा दिवस पक्का ठरवला होता. वेळेआधी झालेली बाळंतपणं बाजूला काढल्यावरही सर्वांत छोट्या आणि सर्वांत लांब गरोदरपणात ३७ दिवसांचा फरक निघाला. म्हणजे फाइलवर लिहिलेली तारीख हा एका लांबलचक पट्ट्याचा साधारण मध्य आहे. ४१ आठवडे पूर्ण झाले की उशीर झाला म्हणतात आणि ४२ पूर्ण झाले की दिवस खरोखर उलटले असं धरतात. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हाताशी असेल तर तारीख अधिक नेमकी ठरते आणि 'उलटलेल्या' कितीतरी तारखा मुळात उलटलेल्याच नव्हत्या असं निघतं.

कळा कधी सुरू व्हायच्या हे ठरवतं कोण, हा मला सगळ्यांत रंजक वाटलेला भाग. न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात मेंढ्यांवर काम करताना दाखवलं, की तिथे इशारा गर्भातल्या कोकराकडून येतो. त्याच्या मेंदूतली पीयूष ग्रंथी निकामी केली की मेंढीचे दिवस लांबतच जातात. उलट, कोकराला कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं दिली की ती वेळेआधीच विते. अशी लवकर जन्मलेली काही कोकरं जगू नयेत इतकी लहान असूनही श्वास घेत होती. त्या निरीक्षणातूनच पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला द्यायची स्टेरॉइडची इंजेक्शनं आली. आजही ती असंख्य बाळांना वाचवतात. माणसात मामला जास्त गुंतागुंतीचा आहे. इथे बाळाला पोसणाऱ्या वारेतून आईच्या रक्तात येणारं सीआरएच नावाचं संप्रेरक महत्त्वाचं दिसतं. १९९५ साली काही संशोधकांनी त्याला 'वारेतलं घड्याळ' म्हटलं. गरोदरपणाच्या मध्यावरच त्याची पातळी जास्त असणाऱ्या बायका लवकर बाळंत होतात आणि कमी असणाऱ्यांचे दिवस लांबतात, असं त्यांना आढळलं होतं.

हे घड्याळ घराण्यातून येतं का? काही अंशी येतं. डेन्मार्कमधल्या जन्मनोंदींच्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या खेपेला दिवस उलटलेल्या सुमारे २० टक्के बायकांचे दुसऱ्या खेपेलाही उलटले. पहिली खेप वेळेवर झालेल्यांत हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास होतं. दुसऱ्या बाळाचे वडील वेगळे असतील तर पुन्हा उशीर होण्याची शक्यता थोडी कमी होत होती, म्हणजे वडिलांकडून आलेली जनुकंही यात बोलतात. 'तुझं शरीर कळा आणायलाच विसरतं' असं मला एकीने प्रेमाने सांगितलं होतं. तिला आता मी सांगू शकते, की शरीर काही विसरत नाही, घड्याळंच वेगवेगळ्या गतीची असतात.

मग वाट पाहत का बसायचं नाही? कारण वार फार काळ टिकायला बनलेली नाही. बाळाला प्राणवायू आणि अन्न पुरवणारा हा अवयव शेवटच्या आठवड्यांत थकू लागतो आणि बाळाभोवतालचं पाणी कमी होत जातं. उशिरा जन्मलेल्या बाळाची त्वचा कोरडी, सोललेली आणि नखं लांब दिसतात, कारण अंगावरचं पांढरं चिकट लेपण तोवर निघून गेलेलं असतं. पोटातच बाळ दगावण्याचा धोका मुळात फार लहान असतो, पण तो दर आठवड्याला वाढतो. दीड कोटी गरोदरपणांची माहिती एकत्र करून २०१९ साली केलेल्या विश्लेषणात ३७ व्या आठवड्यात हा धोका हजारी ०.११ होता आणि ४२ व्या आठवड्यापर्यंत हजारी ३.१८ झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली स्वीडनमधली एक चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. २७६० बायकांपैकी निम्म्यांना ४१ आठवड्यांना कळा आणल्या होत्या आणि उरलेल्यांची ४२ पर्यंत वाट पाहिली होती. वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. यापुढे वाट पाहायला लावणं योग्य नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे नक्की पूर्ण झाले असतील तर कळा आणाव्यात असं सुचवते.

त्या सहाही माता पहिलटकरणी होत्या. याचा अर्थ दुसऱ्या खेपेला धोका नसतो असा नाही. तो कमी असतो एवढंच, आणि बाळाची हालचाल मंदावली किंवा पाणी कमी झालं तर खेप कितवी हे बघत बसू नये. पण बाकी सगळं ठीक असताना दोन-तीन दिवस थांबावं की लगेच दाखल व्हावं, यावर डॉक्टरांशी शांतपणे बोलायला दुसऱ्या खेपेच्या आईला जागा असते.

आता त्या खुणांकडे वळते. गर्भाशयाचं तोंड म्हणजे सुमारे तीन-चार सेंटिमीटर लांबीची, जाड भिंतीची नळी. एकदाही बाळंत न झालेल्या बाईत तिचं बाहेरचं छिद्र टाचणीच्या टोकाने पाडावं तसं बारीक आणि गोल दिसतं. योनीमार्गे एक बाळंतपण झालं की ते कायमचं आडव्या चिरेसारखं होतं. एवढ्यावरून तपासणारा सांगू शकतो, की या वाटेने आधी कुणीतरी आलेलं आहे. ही नळी मुख्यतः कोलॅजनच्या घट्ट विणलेल्या धाग्यांची असते. नऊ महिने बाळाचं वजन तीच तोलून धरते. शेवटच्या आठवड्यांत धाग्यांची वीण सैल होते, मध्ये पाणी धरून ठेवणारे रेणू साठतात आणि बोटाला नाकाच्या शेंड्यासारखी लागणारी जागा ओठासारखी मऊ लागू लागते. पहिलटकरणीत ही नळी आधी आखडून पातळ होते आणि मग उघडते. दुसऱ्या खेपेला पातळ होणं आणि उघडणं दोन्ही बरोबरच चालतात. कळांच्या आधीच एखाद-दोन बोटं आत जातील इतकं तोंड उघडं असणं यात नवल नसतं. म्हणूनच 'दोन बोटं उघडलंय' हे वाक्य पहिल्या खेपेला आनंदाची बातमी असतं, तर दुसऱ्या खेपेला त्यानंतर कधी कधी दहा दिवसही काही घडत नाही.

'डोकं अजून वरच आहे' या वाक्याचंही तसंच. पहिल्या खेपेला बाळाचं डोकं पुष्कळदा काही आठवडे आधीच खाली उतरून बसतं. दुसऱ्या खेपेला पोटाचे स्नायू सैलावलेले असतात आणि डोकं कळा सुरू होईपर्यंत वर तरंगत राहू शकतं. मी हे ऐकून रडले होते. रडण्यासारखं त्यात काही नव्हतं. मात्र अशा वेळी पाणमोट घाईने फोडत नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. डोक्याने वाट अडवलेली नसली तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली घसरून दबण्याची भीती असते.

तोंड किती तयार आहे हे मोजायला डॉक्टर बिशप स्कोअर वापरतात. तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, किती मऊ आहे, पुढे आहे की मागे आणि डोकं किती खाली आहे, या पाच गोष्टींना मिळून जास्तीत जास्त १३ गुण. एडवर्ड बिशप यांनी ही पद्धत १९६४ साली मांडली ती आधी बाळंत झालेल्या बायकांसाठी. गुण ९ किंवा त्याहून जास्त असतील तर कळा आणणं बहुधा यशस्वी होतं, असं त्यांना दिसलं. पहिलटकरणींसाठी ती नंतर वापरात आली. दुसऱ्या खेपेला गुण थोडे कमी असले तरी काम होऊन जातं. गुण तेवढेच असले तरी आधीचं एक बाळंतपण पारडं जड करतं.

कळा आणायचे मार्ग दोन्ही खेपांना तेच. तपासताना बोट फिरवून पाणमोटीचं आवरण भिंतीपासून सोडवलं की तिथल्या तिथे तोंड मऊ करणारं आणि कळा आणणारं प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि कधी तेवढंच पुरतं. तोंड कच्चं असेल तर प्रोस्टाग्लँडिनची जेल किंवा गोळी देतात, नाहीतर फोलीची नळी घालतात. लघवीसाठी वापरतात तीच ही साधी रबरी नळी. तिच्या टोकाचा फुगा तोंडाच्या आतल्या बाजूला ३० ते ६० मिलिलिटर पाण्याने फुगवतात आणि तो नुसत्या दाबाने तोंड उघडत नेतो. त्यात औषधच नसल्यामुळे कळा अनावर होण्याची भीती कमी. माझा फुगा काही तासांनी आपसूक निसटून बाहेर आला, तेव्हा मला काहीतरी बिघडलं असं वाटलं. प्रत्यक्षात तोंड तीन-चार सेंटिमीटर उघडल्याची ती खूण होती.

त्यानंतर ऑक्सिटोसिनची, म्हणजे कळा आणणाऱ्या संप्रेरकाची, सलाईन. अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा हा रेणू व्हिन्सेंट द्यू व्हिनो यांनी १९५३ साली प्रयोगशाळेत घडवला आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. रक्तात तो मिनिटांतच निम्मा होतो, म्हणून थेंब कमी-जास्त करून कळा आवरता येतात. दुसऱ्या खेपेचं गर्भाशय बहुधा कमी मात्रेलाही जोरात प्रतिसाद देतं. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊ लागल्या तर मधल्या वेळात बाळाला पुरेसं रक्त मिळत नाही. मग सलाईन कमी किंवा बंद करावी लागते. आणि पहिलं बाळंतपण सिझेरियनने झालं असेल तर हे सगळं चित्रच बदलतं. जुन्या टाक्यांवर ताण येऊन गर्भाशय फाटण्याचा धोका असतो, म्हणून दिवस भरलेले असताना प्रोस्टाग्लँडिनसारख्या मिसोप्रोस्टॉलची गोळी तिथे वापरत नाहीत आणि बाकीचे उपायही फार जपून करतात.

इंडक्शनने सिझेरियन वाढतात का, असं सगळ्याच विचारतात. २०१८ साली अमेरिकेत सहा हजारांवर बायकांची जी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्या गटात सिझेरियन १८.६ टक्के आणि वाट पाहिलेल्या गटात २२.२ टक्के झाली. त्या सगळ्या पहिलटकरणी होत्या. आधी योनीमार्गे बाळंत झालेल्या बाईला सिझेरियन लागण्याची शक्यता मुळातच याहून बरीच कमी असते.

वेगाबद्दल मला कुणी सावध केलं असतं तर बरं झालं असतं. तोंड ५ सेंटिमीटर झाल्यावर पुढचा टप्पा पहिल्या खेपेला सहसा १२ तासांच्या आत आणि नंतरच्या खेपांना १० तासांच्या आत संपतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या कमाल मर्यादा झाल्या. प्रत्यक्षात सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंत दोघींची चाल सारखीच असू शकते आणि तिथून पुढे दुसऱ्या खेपेची बाई सुसाट सुटते. मी नर्सला म्हटलं, खाली जोर येतोय. ती म्हणाली, आत्ता तर पाच सेंटिमीटर होतं, अजून वेळ आहे. दहा मिनिटांत पुन्हा तपासलं तेव्हा डोकं दिसत होतं. बाळाच्या डोक्याने तोंड आणि योनीमार्ग ताणला की मेंदूतून आणखी ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने कळा वाढतात आणि डोकं आणखी दाबतं. एकदा रुळलेल्या वाटेवर हे चक्र फार पटकन फिरतं. दुसऱ्या खेपेची बाई जोर येतोय म्हणाली की लगेच तपासायला हवं, मागची नोंद काहीही असो. पाठीतून वेदनाशामक हवं असेल तर तेही उशिरा मागून चालत नाही, कारण ते द्यायलाच वेळ उरत नाही.

वार पडली, रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून मांडीत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन मिळालं आणि मला वाटलं, दुखणं संपलं. मग बाळाला पहिल्यांदा पाजायला घेतलं आणि ओटीपोटात कळ उठली, चक्क बाळंतपणाच्या कळेसारखी. पहिल्या खेपेला असं काही जाणवलंच नव्हतं. आधी बाळंत झालेलं गर्भाशय सतत आवळून धरण्याऐवजी आवळतं आणि सैलावतं, म्हणून या मागाहूनच्या कळा दुसऱ्या खेपेला जास्त दुखतात. बाळ चोखतं तेव्हा आईच्याच मेंदूतून ऑक्सिटोसिन येतं आणि तेच गर्भाशय आवळतं. नर्सने माझा हात धरून बेंबीच्या जरा खाली ठेवला. तिथे घट्ट, गोल, चेंडूसारखं काहीतरी लागत होतं. बाळ चोखायचं थांबलं की ते किंचित मऊ व्हायचं, पुन्हा चोखू लागलं की हाताखाली टणक व्हायचं.