धग हवी की ऊब: कोळशाच्या स्टोव्हला पंखा कसा लागला

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य भागात आजही कितीतरी घरं हिवाळाभर अँथ्रासाइटवर तापतात. हा कोळसा दगडासारखा टणक आणि काळाभोर चकचकीत. पेटायला महाहट्टी, पण एकदा धरला की दहा-बारा तास कुणी हात लावला नाही तरी चालतं. त्याच्यावर नाचणारी ज्वाळा निळी असते आणि धूर जवळपास नसतोच. असा स्टोव्ह घ्यायला निघालेल्या माणसाला एक प्रश्न चुकत नाही: मागे ब्लोअर, म्हणजे गरम हवा खोलीत ढकलणारा विजेचा पंखा, लावलेला घ्यायचा, की नुसता तापून धग देणारा?

या फरकासाठी मराठीत आयते दोन शब्द आहेत. धग अंगावर येते, ऊब खोलीत भरते. तापलेल्या लोखंडातून किरण सरळ रेषेत निघतात आणि समोरच्या माणसाला, भिंतीला, खुर्चीला तापवतात. मधल्या हवेला त्यांचं फारसं सोयरसुतक नसतं. ही धग. लोखंडाला चाटून गेलेली हवा तापते, वर चढते, दारातून पलीकडे जाते, ती ऊब. ब्लोअर नवी उष्णता तयार करत नाही. फार तर धुराड्यातून निसटणारी थोडी परत ओढतो. त्याचं मुख्य काम धगेची ऊब करणं हेच.

एक गोंधळ आधीच निस्तरायला हवा, कारण या इतिहासात वारा दोन ठिकाणी येतो. एक वारा विस्तवाला जगवतो, दुसरा लोखंडावरची उष्णता पळवतो. सुरुवातीला भांडण पहिल्या वाऱ्याचं होतं.

1769 च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्याच वायोमिंग खोऱ्यात ओबाडाया गोर आणि त्याचा भाऊ यांनी लोहारकामाच्या भट्टीत हा कोळसा वापरला. भट्टीला भाता होता, त्यामुळे तो पेटला. मग समज असा रुळला की जोराचा वारा घातल्याशिवाय हा दगड जळतच नाही, म्हणजे घरात त्याचा उपयोग शून्य. फिलाडेल्फियाजवळ तारेचा कारखाना चालवणाऱ्या जोसाया व्हाइट आणि अर्स्किन हॅझर्ड यांची गोष्ट त्या भागात चवीने सांगितली जाते. कामगारांनी रात्रभर भट्टीशी झटापट केली, ढोसलं, ढवळलं, आणि शेवटी वैतागून दार लावून ते निघून गेले. एक जण विसरलेलं जाकीट घ्यायला परतला, तर भट्टीचं दार लालबुंद! गोष्टीला तिखटमीठ किती लागलंय कोण जाणे, पण तिच्यातलं तंत्र अचूक आहे. अँथ्रासाइट ढवळला की विझतो. त्याला खालून जाळीतून सतत हवा आणि वरून शांतता लागते.

11 फेब्रुवारी 1808 रोजी विल्क्स-बॅरी गावात जेसी फेल यांनी आपल्या घरातल्या साध्या चुलाण्यात लोखंडी जाळीवर हा कोळसा भात्याशिवाय जाळून दाखवला. फेल न्यायाधीश होते आणि खानावळही चालवत. त्यांनी या प्रयोगाची नोंद आपल्या फ्रीमेसन पंथाच्या एका पुस्तकाच्या कोऱ्या पानावर करून ठेवली, तीही त्या पंथाच्या कालगणनेप्रमाणे 5808 असं साल घालून. लाकडापेक्षा हा विस्तव स्वच्छ, चांगला आणि स्वस्त, असं त्यांचं मत. घरातल्या कोळशाला यंत्राचा वारा लागत नाही, धुराड्याची ओढ पुरते, हे त्या दिवशी सिद्ध झालं. हाताने भरायचे स्टोव्ह आजही याच तत्त्वावर चालतात.

दुसऱ्या वाऱ्याची कथा कोळशाच्याही आधीची. 1713 मध्ये फ्रान्समध्ये निकोला गोझे यांनी चुलाण्यामागे पोकळ वाटा ठेवून त्यातून खोलीत गरम हवा सोडायची कल्पना मांडली. ती वाचून बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपलं 'पेनसिल्व्हेनियन फायरप्लेस' बनवलं आणि 1744 मध्ये त्यावर पुस्तिका छापली. आत लोखंडी पडद्यांची एक हवापेटी होती. गार हवा खालून शिरे, नागमोडी फिरे आणि तापून खोलीत येई. पंखा नव्हता, पण विचार ब्लोअरवाल्याचाच: उष्णता लोखंडात अडकून पडायला नको, ती हवेवर बसवून पाठवा.

त्याच्या अगदी उलट टोकाला उष्णतेचे अभ्यासक काउंट रम्फर्ड. 1796 च्या निबंधात त्यांनी सांगितलं की उघड्या विस्तवाची खोलीला मिळते ती धगच. गरम हवा तर धुराड्याने निघून जाते. म्हणून चुलाणं उथळ करा आणि बाजूच्या भिंती तिरक्या ठेवा, म्हणजे किरण खोलीत परततील. पाठोपाठ 1804 मध्ये स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन लेस्ली यांनी गरम पाण्याने भरलेला एक धातूचा ठोकळा घेतला. त्याची एक बाजू काळी, एक घासून चकचकीत. पाणी एकच, तापमान एकच, तरी काळ्या बाजूची धग चकचकीत बाजूच्या कितीतरी पट निघाली. स्टोव्हला काळं ग्राफाइट फासायची रीत नुसती गंज टाळण्यासाठी नव्हती, हे यातून कळतं.

आणि तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिवाणखान्यांत मिरवला तो निकेलच्या चकचकीत पट्ट्यांनी मढवलेला 'बेस बर्नर'! धगेच्या दृष्टीने निकेल म्हणजे शुद्ध नुकसान, पण शोभेपुढे लेस्लीचं कोण ऐकतो. बाकी यंत्र मात्र हुशार होतं. मधोमध कोळशाची उभी नळी. खालचा थर जळून बसला की वरचा आपोआप उतरे. चारी बाजूंना अभ्रकाच्या खिडक्या, त्यातून संध्याकाळभर केशरी उजेड. वरच्या मजल्याची सोय आणखी सोपी. स्टोव्हच्या डोक्यावर छताला भोक पाडून ओतीव लोखंडाची नक्षीदार जाळी बसवत, आणि हवा आपल्या पायाने वर जाई. जुन्या घरांत या जाळ्या अजून दिसतात.

पुढचं वळण 1920 च्या दशकातलं. ओहायोतल्या हॅमिल्टन गावचा 'हीट्रोला' म्हणजे स्टोव्हभोवती दुसरं कवच. बाहेरून तपकिरी एनॅमलचं कपाट, ग्रामोफोनच्या शेजारी शोभेल असं. दोन कवचांच्या मधून हवा चढते, वरच्या जाळीतून बाहेर पडते. बाहेरची बाजू हात भाजण्याइतकी तापत नाही, म्हणजे घरात मुलं असली तरी जीव टांगणीला नाही. धग जवळजवळ गेली, ऊब सगळीकडे पसरली. माझ्या मते खरा निर्णय इथेच झाला. पंखा नंतर आला, त्याच्यासाठी बोळ आधीच बांधून तयार होता.

तो यायला वीज हवी होती. 1930 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा 1936 चा. शहरांत तोवर 'स्टोकर' आले होते. तांदळाएवढा बारीक 'राइस' कोळसा यंत्राने सरकवायचा, एका पंख्याने विस्तवाला हवा द्यायची, दुसऱ्याने घराला. भात्याला फेल यांनी घराबाहेर काढलं होतं, तो मोटर लावून परत आत आला. महायुद्धानंतर तेल आणि गॅसने हा सगळा संसारच मोडीत काढला. ऑक्टोबर 1973 च्या तेलबंदीने तो पुन्हा मांडला गेला. तळघरात जुनी कोळशाची खोली होतीच. फिरून स्टोव्ह आले, आणि आता बहुतेकांच्या मागे ब्लोअरची सोय. अपवाद अमिश लोकांचा, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा. ते सार्वजनिक वीज घरात घेत नाहीत, त्यामुळे त्यांच्या घरांत विजेशिवाय चालणारा, वरून कोळसा आपोआप उतरणारा धगेचा स्टोव्ह कधी जुना झालाच नाही.

आता थोडं गणित, कारण वादाचं मूळ त्यात आहे. धग निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे केल्विनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या, चौथ्या घाताने वाढते. हा नियम भौतिकशास्त्रज्ञ स्टेफान यांनी 1879 मध्ये मांडला. स्टोव्हचं अंग 300 अंश सेल्सिअसला असताना तो खोलीला जी उष्णता देतो तिच्यातली निम्म्याहून बरीच जास्त धगेच्या रूपात असते. ब्लोअरने तेच अंग 200 अंशांवर आणलं तर धग निम्म्याहूनही खाली घसरते. पंखा लावल्यावर "स्टोव्ह मेल्यासारखा वाटतो" ही तक्रार म्हणूनच खोटी नाही. उष्णता गेलेली नसते, ती मागच्या खोलीत पोचलेली असते. पण समोर पाय शेकत बसलेल्याला ते कसं पटणार?

मंद आचेवर दुसरी अडचण येते. आच राखून ठेवलेली असताना पंखा सतत फिरला तर धुराडं गार पडतं आणि ओढ मंदावते. अँथ्रासाइटच्या बाबतीत हा चेष्टेचा विषय नाही. त्याचा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वासाला येतो. वरची निळी ज्वाळा म्हणजे तोच वायू जळताना दिसतो. ती नसेल तर तो न जळता कुठेतरी जातोय. म्हणून बऱ्याच ब्लोअरना तापमानावर चालणारी छोटी चकती असते. अंग ठरावीक तापलं की खट्ट, पंखा सुरू; निवलं की पुन्हा खट्ट, बंद. ही चकती काढून पंखा थेट जोडणारे हौशी लोक असतात. वायूचा अलार्म घरात हवाच, पण यांच्या घरात तर आधी.

उरला घराचा आकार. मोकळं, एकाच मोठ्या खोलीचं घर असेल, किंवा छतात जुनी जाळी असेल, तर धग पुरते. आवाज नाही, राख उडत नाही, वीज गेली तरी फरक पडत नाही. स्टोकरवाल्याचा विस्तव मात्र विजेबरोबर जातो. खोल्या कोंदट, दारं अरुंद, स्टोव्ह तळघरात, अशी रचना असेल तर नुसत्या धगेने तळघराच्या दगडी भिंतीच तापतात आणि पंखा घ्यावाच लागतो. हाताने भरायच्या अनेक स्टोव्हच्या पाठीला चार बोल्टची एक पत्र्याची झाकणी असते. ब्लोअर नंतर तिथेच बसतो. पहिला हिवाळा ती झाकणी तशीच ठेवून काढावा आणि कडाक्याच्या रात्री सर्वांत लांबच्या खोलीत थर्मामीटर टांगून पाहावं.