आरसी विमानावरील कॅमेरा

आरसी (रेडिओ कंट्रोल) विमानावरील कॅमेरा : जमिनीवरून रेडिओ लहरींनी चालवल्या जाणाऱ्या छोट्या विमानावर हलका कॅमेरा बसवून फोटो किंवा व्हिडिओ घेण्याची पद्धत. ही नोंद पंखांच्या विमानापुरती आहे आणि तीत नाशिक परिसराचा खास विचार केला आहे. चार पंख्यांचा ड्रोन हवेत एका जागी थांबू शकतो, विमानाला ती सोय नाही. कॅमेरा बसवताना येणाऱ्या निम्म्या अडचणी एवढ्याच फरकातून निघतात.

या पद्धतीचा उगम कुठे धरावा याबद्दल एकमत नाही. हवेतून फोटो घेण्याचा मान सामान्यतः फ्रेंच छायाचित्रकार नादार यांना दिला जातो. त्यांनी १८५८ मध्ये पॅरिसजवळ बलूनमधून फोटो काढला, पण तो आज उपलब्ध नाही. उपलब्ध असलेला सर्वांत जुना हवाई फोटो जेम्स वॉलेस ब्लॅक यांनी १८६० मध्ये बोस्टनवरून घेतलेला आहे. या दोन्ही वेळी कॅमेऱ्यामागे माणूस होता. माणसाविना वर गेलेला कॅमेरा पाहायचा तर पतंगांकडे वळावे लागते. आर्थर बात्यू यांनी १८८८ च्या सुमारास फ्रान्समधील लाब्रुग्येर येथे पतंगावरून फोटो घेतले. इंग्लंडमधील आर्चिबाल्ड यांचा १८८२ चा दावा त्याआधीचा सांगितला जातो, मात्र बात्यू यांच्या कामाची माहिती अधिक तपशीलवार आहे. त्यानंतर जर्मनीतील औषधविक्रेते यूलियस न्यूब्रोनर यांनी १९०७–०८ मध्ये कबुतराच्या छातीवर बांधायच्या छोट्या कॅमेऱ्याचे पेटंट मिळवले. कबुतराला ७५ ग्रॅमपर्यंत ओझे पेलते, असा त्यांचा अंदाज होता. आजचे छंदिष्ट बाजारात ज्या वजनाचे कॅमेरे शोधतात, त्यांच्याशी हा आकडा चांगलाच जुळतो.

काही लेखक या कबुतरांनाच आरसी विमानाचे पूर्वज मानतात. वजनाच्या बाबतीत ते बरोबर आहे. पण बात्यू यांचे शटर जळत जाणाऱ्या वातीवर सुटे, तर न्यूब्रोनर यांचे हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेवर. फोटो कोणत्या क्षणी निघावा हे खालच्या माणसाच्या हाती नव्हते. तो क्षण निवडता येणे हे या पद्धतीचे लक्षण मानले, तर सुरुवात रेडिओपासून धरणे अधिक सयुक्तिक ठरते. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंचे ‘गफ’ हे १९३७ च्या सुमाराचे विमान रेडिओनियंत्रित मॉडेलांपैकी आरंभीचे मानले जाते. त्याच वर्षी चेस्टर लान्झो यांचे मॉडेलही अमेरिकी स्पर्धेत उडाले, त्यामुळे ‘पहिले कोणते’ हा वाद इथेही आहेच. फोटोंवरून जागेची मोजणी करण्यासाठी असे विमान वापरल्याचे सुरुवातीचे ठळक उदाहरण १९७९ मधील जर्मन प्रयोगाचे आहे. प्रझिबिला व वेस्टर-एबिंगहाउस यांनी सुमारे ३ मीटर लांबीच्या विमानातून पुरातत्त्वीय उत्खननाचे फोटो घेतले. इंजिनाची थरथर आणि विमानाचा वेग यांमुळे चित्रे पुसट येत. पुढच्याच वर्षी वेस्टर-एबिंगहाउस यांनी हेलिकॉप्टरचे मॉडेल वापरले.

फिल्मच्या काळात एक जादा सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या इशाऱ्यावर हलणारी छोटी मोटर, कॅमेऱ्याचे बटण दाबत असे. फिल्म आपोआप सरकवणारी मोटर नसेल, तर एका उड्डाणात एकच फोटो मिळे. २००९–१० नंतर किल्लीच्या जुडग्याएवढे डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले आणि तो सर्व्हो गेला. आता कॅमेरा सुरू करून विमान सोडायचे आणि हवे ते चित्र घरी संगणकावर व्हिडिओतून उचलायचे. उड्डाणाच्या वेळी क्षण निवडण्याचे काम पुन्हा खालच्या माणसाकडून सुटले, हे थोडे गमतीचे आहे.

जोडणीत पहिला प्रश्न तोलाचा. विमानाचा गुरुत्वमध्य साधारणपणे पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक-तृतीयांश अंतरावर ठेवतात. ४० ग्रॅमचा कॅमेरा त्याच्या २० सेंमी पुढे नाकावर बसवला, तर १६० ग्रॅमची बॅटरी ५ सेंमी मागे सरकवावी लागते. म्हणून शक्य तिथे कॅमेरा गुरुत्वमध्याच्या खालीच बसवतात. तो काढला तरी तोल बदलत नाही. मात्र पोटावर उतरणाऱ्या विमानात भिंग मुरमावर घासते, त्यामुळे काही जण कॅमेरा पंखावर वा बाजूला तिरका लावतात. ८०० ग्रॅमच्या विमानावर ४० ग्रॅम म्हणजे ५ टक्के वाढ. तिने विमान हवेत टिकण्याचा किमान वेग सुमारे अडीच टक्क्यांनी वाढतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने इथली हवा समुद्रकाठच्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ असते; त्यापोटी आणखी तीनेक टक्के वेग लागतो. मुंबईत नीट उडणारे विमान इथे उतरताना जरा जास्त धावते, त्याचे कारण हेच.

दुसरा आणि अधिक चिवट प्रश्न थरथरीचा. स्वस्त कॅमेऱ्यातील सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. प्रोपेलर मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० हेलकावे होतात. पूर्ण चित्र वाचायला १/३० सेकंद लागत असल्यास तेवढ्यात तीनहून अधिक हेलकावे मावतात आणि सरळ रस्ता नागमोडी दिसतो. याला छंदिष्ट ‘जेली’ म्हणतात. भर उन्हात ती अधिक बोचते, कारण शटरचा वेळ फार लहान होतो आणि प्रत्येक ओळ सुस्पष्ट पण वेगळ्या जागी पडते. काळसर फिल्टर लावून तो वेळ वाढवला की जेली मऊ होते; पण मग पुसटपणा वाढतो. सेकंदाला १५ मीटर वेगाचे विमान १/५०० सेकंदात ३ सेंमी, तर १/६० सेकंदात २५ सेंमी पुढे जाते. खरा उपाय मुळाशी करावा लागतो: प्रोपेलरच्या हलक्या पात्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून तो समतोल करणे. कॅमेऱ्याखाली स्पंज घालतात तोही फार मऊ असू नये, नाहीतर कॅमेरा स्वतःच डोलू लागतो. थर्माकोलच्या विमानावर फेविक्विकसारखा गोंद वापरू नये; थर्माकोल विरघळतो. तिथे व्हेल्क्रो आणि रबरबँड पुरतात, आणि आपटल्यावर कॅमेरा सुटून वाचतो.

नाशिकमध्ये हा छंद जागेने बांधलेला आहे. ओझरला १९६४ पासून एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) विमान कारखाना व धावपट्टी, गांधीनगरला लष्कराचे हवाई प्रशिक्षण केंद्र, देवळालीला तोफखाना विद्यालय, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. ड्रोन नियम २०२१ नुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमी पट्ट्यात परवानगीविना उडवण्याच्या उंचीची मर्यादा २०० फूट, त्यापलीकडच्या हिरव्या (म्हणजे परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात ४०० फूट. मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानाला प्रकार-प्रमाणपत्र (त्या बनावटीला मिळणारी सरकारी मान्यता) लागत नाही, पण क्षेत्राची बंधने सुटत नाहीत. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यावर तर पक्ष्यांसाठीच उडवू नये.

संक्रांतीच्या आठवड्यात, विशेषतः येवल्याकडे, मांजा प्रोपेलरमध्ये गुंडाळला जातो. उन्हाळ्यात दुपारचे गरम हवेचे झोत टाळून सकाळी उडवणे बरे. द्राक्षबागांची एप्रिलची खरड छाटणी झाल्यावर वेलींच्या ओळी वरून स्वच्छ दिसतात. त्याच बागेत उतरावे लागले तर मांडवाच्या तारा मात्र वरून दिसत नाहीत.